अभिमनची डावी बाजू

१

दवाखान्यातून घरी आल्यापासून अभिमन अर्धंच ताट जेवायचा. भूक कमी होती म्हणून नव्हे. भूक चांगली दांडगी होती. ताटाच्या उजवीकडची भाजी आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीची उजवी अर्धी कोर तो चाटूनपुसून संपवायचा, आणि डावीकडे चटणी, कांदा, उरलेली भाकर समोर असताना ओरडायचा, "आखो वाढ व! भूक्या मारशी का माले?" त्याची बायको वच्छलाबाई मग ताट फिरवून द्यायची. डावं उजवीकडे आलं की त्याला ते नव्याने वाढल्यासारखं वाटायचं आणि तो पुन्हा जेवायला लागायचा.

डोळ्यांत काही दोष नव्हता. डोकं उजवीकडे फुटलं होतं आणि त्यामुळे अंगाची डावी बाजू लुळी पडली होती. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण जगाला डावी बाजू असते हेच त्याचा मेंदू विसरून गेला होता. दाढी करायला बसला की उजवा गाल तुळतुळीत आणि डाव्या गालावर जंगल. डावीकडून हाक मारली तर तो उजवीकडे शोधायचा. गावातल्या बायांना आधी याचं हसू यायचं आणि मग हसल्याचं वाईट वाटायचं. म्हणून भेटायला येणारं माणूस आपणहून उजवीकडे बसायचं. तांब्या उजवीकडे, पंखा उजवीकडे, माणसं उजवीकडे. खाटेच्या डावीकडची अर्धी खोली, धान्याच्या कोठीपर्यंतची, रिकामीच राहू लागली.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण होऊन गेला त्याच आठवड्यातली ही गोष्ट. बाहेर असं ऊन होतं की कुत्री ओट्याखालून निघत नव्हती. घराची दारंखिडक्या लावून घेतलेल्या. वच्छलाबाईने अभिमनपुढे स्टुलावर ताट ठेवलं आणि ती माठातलं पाणी आणायला आत गेली. परत आली तर अभिमन भिंतीला टेकून घोरत होता, तोंड नेहमीसारखं उजवीकडे. उजवीकडच्या भाजीला त्याचा हातही लागलेला नव्हता. डावी बाजू मात्र साफ होती. चटणी बोटाने पुसून घेतलेली, भाकरीची डावी कोर सरळ मधून तोडून नेलेली.

मांजर असेल, असं ती मनाशी म्हणाली. मग तिला आठवलं की मांजर कांदा खात नाही.

२

मार कसा बसला, याचं गावाला एक उत्तर होतं आणि घराला दुसरं.

पौषातली संध्याकाळ होती. शेतावर भरीत करायचं ठरलं होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. अभिमन आणि त्याचा धाकटा भाऊ गिरधर ती लाकडी बडगीत टाकून मुसळाने ठेचायला बसले होते. दोघांत विहीर एक, आणि पाण्याची पाळी कोणाची यावरून सकाळपासून धुसफूस चालली होती. वच्छलाबाई कांद्याची पात धुवायला विहिरीवर गेली. तिथे तिला मुसळाचे ठोके ऐकू येत होते. भरीत ठेचताहेत, म्हणून ती निवांत होती. तिने पात धुतली, हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. ठोके चालूच होते. भरीत इतका वेळ कोणी ठेचत नाही, हे तिच्या डोक्यात शिरलं तेव्हा आवाज थांबलाही होता.

गिरधर बडगीशेजारी उताणा पडला होता. त्याचा चेहरा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. अभिमन थोडा पलीकडे, हौदाच्या दगडावर उजवीकडून डोकं आपटून पडलेला. मुसळ मधे. वांग्याची सालं आणि बाकीचं काय काय, सगळं एकात एक मिसळलं होतं, आणि वच्छलाबाई पात हातात धरून किंचाळत राहिली.

दोघांची आई यशोदाबाई गावातून धावत आली. तिने वाकून एकाच्या नाकाशी हात धरला, मग दुसऱ्याच्या. रडण्याआधी ती बोलली. "ट्रॉली उलटनी," ती म्हणाली. "ध्यानमा ठेव. ट्रॉली उलटनी." आणि थोड्या वेळाने, सुनेकडे न बघता, "आधी गिरधरनं मारं. अभिमननं काय करवा?"

आईला दोनांतला एक निवडायचा होता. तिने श्वास चालू होता तो निवडला. गावानेही ट्रॉलीचंच सांगितलं, चौकशी आली तशी गेली. आधी गिरधरने मारलं, हे वच्छलाबाईनेही गिळलं. तिला नवरा जगवायचा होता, बाकी कशाची तिला तेव्हा पर्वा नव्हती, आणि पुढचे सगळे महिने तिने त्या एकाच गोष्टीसाठी रक्ताचं पाणी केलं.

३

जळगावला डॉक्टरांनी कवटीचा उजवीकडचा तुकडा काढून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला होता. मेंदूची सूज पुरती उतरली की पुन्हा बसवायचा होता. तोवर कानाच्या वर एक खळगा, आणि तो श्वासाबरोबर वरखाली व्हायचा. तेल लावताना वच्छलाबाईची बोटं तिथून आपोआप उचलली जायची. "डोक्याला धक्का नको आणि मनालाही नको," डॉक्टरांनी बजावलं होतं. "झटके आले तर हातचा जाईल."

म्हणून गिरधर सुरतेला गेला. म्हणजे अभिमनला तसं सांगितलं. त्याला त्या संध्याकाळचं काही आठवत नव्हतं. "गिरधर कोठे शे?" तो अधूनमधून विचारायचा. "सुरतले, कामले," यशोदाबाई सांगायची, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलायचा नाही.

एरंडोलहून हेमांगी यायची, व्यायाम शिकवणारी मुलगी. तरतरीत, स्कूटीवर ओढणी बांधून. तिने खाटेच्या डावीकडच्या भिंतीवर एक उभी लाल पट्टी चिकटवली. "काका, पट्टी दिसेपर्यंत मान फिरवायची. पट्टी दिसल्याशिवाय थांबायचं नाही." अभिमन घाम गाळायचा, मान थोडी वळायची आणि ताणलेल्या रबरासारखी परत जायची. हेमांगी घरच्यांवर चिडायची. "तुम्ही सगळे लाडाने उजवीकडे बसता! मग डावीकडे बघायला त्यांना कारण काय उरलं?"

तिचं म्हणणं खरं होतं. पण तोवर घराने डाव्या बाजूचा दुसराच उपयोग शोधून काढला होता.

वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तर आखाजीला त्याच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुढे पुरणपोळीचं आणि आमरसाचं ताट मांडतात. वच्छलाबाई म्हणाली, शेजारी भरू, शेतावर भरू. यशोदाबाईने ऐकलं नाही. "आंडोर घरना शे, घागर घरमाच भराई." पोरगा घरचा, म्हणून घागरही घरातच, यावर ती अडून बसली.

"आणि यांना दिसलं तर?"

"त्याले डावीकडनं दिसस का काही? कोठीजोडे भरसू."

आणि तसंच केलं. अभिमन खाटेवर उजवीकडे तोंड करून आमरस ओरपत होता, आणि त्याच्या डाव्या हाताला, लाल पट्टीच्या पलीकडे, त्याच्या मेलेल्या भावाची घागर भरली जात होती. कोठीच्या वरच्या खिळ्याला गिरधरचा हार घातलेला फोटो. यशोदाबाई ताटापुढे बसून हळू आवाजात बोलवत होती, "ये रे भाऊ. जेवाले ये." सण झाला की घागर उचलायची असते. तिने ती उचलली नाही. दुसऱ्या दिवशीही भरली, तिसऱ्याही.

४

आता दुपारी आवाज यायला लागला.

वच्छलाबाई स्वयंपाकघरात डाळ निवडत बसलेली असायची आणि बाहेरच्या खोलीतून ठोके ऐकू यायचे. मंद, ओलसर, एका लयीत. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातातलं सूप निसटलं. ती धावत गेली तर खोली शांत. अभिमन जागा, धापा टाकत, घामाने निथळत. त्याचा डावा हात मनगटापासून काळानिळा सुजला होता. मधल्या बोटाचं नख निघून कातडीला लोंबत होतं आणि चादरीवर रक्त होतं.

"काय झालं? कोणी मारलं?"

"कोनी काय मारवा? पानी दे."

त्या बाजूला त्याला काही जाणवतच नव्हतं. तिने हळद भरली. दुसऱ्या दिवशी कोपर फुटलं. नंतर मांडीवर हिरवेजांभळे वळ. सगळे डावीकडेच. चौकटीवर आपटत असेल असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण जो माणूस दोघांनी धरल्याशिवाय खाटेवरून उठत नाही तो चौकटीपर्यंत जाईल कसा? आणि ताटाची डावी बाजू रोज साफ होत होती.

तिने सासूला गाठलं. "आत्याबाई, घागर उचला. हात जोडते. गिरधर यांना मारतो आहे."

यशोदाबाई घागरीवरचं डांगर पुसत होती. "मना गिरधर कोनले मारी?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या. आधी त्याने मारलं."

म्हातारीने डांगर घागरीवर नीट बसवलं. मग म्हणाली, "मना दोन आंडोर शेतस. एकले तू जेवाडस, एकले मी जेवाडस. तुना काय जास?"

वच्छलाबाईचं डोकंच फिरलं. जन्मात सासूला उलट न बोललेल्या त्या बाईने घागर उचलली, मागच्या परसात नेऊन लिंबाच्या बुडाशी उपडी केली, फोटो खिळ्यावरून ओढून माळ्यावर टाकला. हार तुटून फुलं घरभर झाली. यशोदाबाई ती एकेक वेचत बसली, आणि दिवसभर तिने तोंडात पाणी घेतलं नाही.

दुसऱ्या दुपारी ताटाची डावी बाजू साफ होती. आणि ठोके आदल्या दिवसापेक्षा जोरात होते.

५

म्हणून तिने नजर ठेवायची ठरवली. ताट ठेवलं, आत गेल्यासारखं केलं आणि मधल्या दाराच्या फटीला डोळा लावला.

अभिमन उजवीकडे बघत होता. त्याच्या उजव्या हातात पितळी तांब्या होता. तो तांब्या वर जात होता आणि मांडीवर पडलेल्या स्वतःच्याच डाव्या हातावर बसत होता. वर, खाली. वर, खाली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. नेमून दिलेलं काम उरकावं तसा. बोटांची हाडं वाजत होती.

वच्छलाबाईने जाऊन तांब्या हिसकावला, आणि मग तिथेच फरशीवर बसून ती रडत हसली. गिरधर नव्हता! कोणीच नव्हतं! तिने हेमांगीला फोन लावला. हेमांगी समजुतीने बोलली. "होतं असं, काकू. काही पेशंटना तो हात स्वतःचा वाटतच नाही. परक्याचा वाटतो, त्याचा राग येतो, मारतातसुद्धा. भुताखेताचं काही मनात आणू नका. जड वस्तू लांब ठेवा आणि हाताला जाड पट्टी बांधा." किती दिवसांनी वच्छलाबाईला जेवण गोड लागलं. ताटाची डावी बाजू कोण खातं, हा प्रश्न तिने त्या आनंदात बाजूला सारला.

संध्याकाळी पट्टी बांधताना तिने सहज विचारलं, "का हो मारता याला? तुमचाच हात ना हा?"

"हाऊ हात मना नई शे."

"मग कोणाचा?"

"गिरधरना शे," अभिमन म्हणाला. "आठेच पडेल ऱ्हास. मार खास नी रडस. सुरतले गया म्हने!" आणि तो उजव्या अर्ध्या तोंडाने हसला.

गिरधर सुरतेला नाही हे कोणी सांगितलं असेल, बायका बोलताना कानावर पडलं असेल, असं तिने मनाशी जुळवलं. एवढ्यात तिच्या पदराला ओढ बसली. तिने खाली पाहिलं. पौषापासून मेल्यासारखा पडलेला तो डावा हात हलला होता. पट्टीतून बाहेर आलेल्या दोन सुजलेल्या बोटांनी तिचा पदर पकडला होता, आणि पदराचं टोक ती बोटं स्वतःभोवती हळूहळू गुंडाळून घेत होती.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा गिरधर शाळेत जाणारं पोर होतं. अभिमन तेव्हापासून तापट. बैलाचा चाबूक, पट्टा, चुलीतलं लाकूड, हाताला येईल ते. मार चुकवायला गिरधर धावत तिच्या मागे दडायचा आणि तिचा पदर असाच बोटाला गुंडाळून उभा राहायचा. वहिनी आड आली की अभिमनचा हात खाली यायचा. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा.

दुसऱ्या दिवशी हेमांगीने ऐकलं आणि टाळ्याच वाजवल्या. "हात हलला? अहो, पेढे वाटा! बरे होताहेत काका!" यशोदाबाईने खरंच गल्लीत साखर वाटली. एकट्या वच्छलाबाईला ती गोड लागली नाही. मारायला आलेला माणूस पदराआड कशाला दडेल? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. आणि मग त्याच्या मागोमाग दुसरा आला, की आधी गिरधरने मारलं हे पाहिलं होतं कोणी? विहिरीवर ती होती. सासू गावात होती. वच्छलाबाईने दोन्ही विचार दाबून टाकले, कारण अभिमन बरा होत होता आणि तिला तेच हवं होतं. पण त्या दिवसापासून ती ताटाची डावी बाजू जरा जास्त वाढू लागली, आणि तिकडे पाठ फिरवून बसायला तिला भीती वाटेनाशी झाली.

६

हात हलल्यावर बाकीचं भराभर आलं. अभिमन आधाराने बसू लागला. हेमांगीने चार पायांची लोखंडी काठी आणली. ती उजव्या हातात धरून, दोघींच्या खांद्यावर भार टाकून उठायचा सराव सुरू झाला. मान आता रोज थोडी जास्त वळत होती. पट्टीची उजवी कड दिसायची, मग अर्धी पट्टी.

त्या दिवशी हेमांगी सकाळीच येऊन गेली होती. दुपारी वच्छलाबाई खाटेच्या डावीकडे, कोठीपुढे, सांडलेली ज्वारी झाडत होती. अभिमन एकटाच मान फिरवायचा सराव करत होता. पाहता पाहता त्याची नजर पट्टीवर आली, पट्टीवरून सरकली आणि पलीकडे गेली. परत फिरली नाही.

वच्छलाबाईच्या हातातली केरसुणी थांबली. पौषानंतर पहिल्यांदा नवऱ्याने तिच्याकडे डावीकडे पाहिलं होतं. "दिसते मी?" तिने विचारलं. "अहो, दिसते का मी तुम्हाला?"

पण नजर तिच्यावर नव्हती. ती तिच्या कमरेवरून मागे गेली होती, खाली, कोठी आणि भिंत यांच्यामधल्या सांदीकडे. अभिमनचा चेहरा बदलला. दुखण्यापूर्वीचा तो चेहरा तिने शेकडो वेळा पाहिला होता, आणि तो पाहिला की पाय आपोआप कुठे न्यायचे ते तिला ठाऊक होतं. काठीवर त्याची मूठ आवळली. ती दोन्ही हात पसरून सांदीपुढे आडवी उभी राहिली.

"नका," ती म्हणाली. "तो गेला. तो आता नाही हो. किती माराल त्याला?"

"सरक," अभिमन म्हणाला.

तेवढ्यात तिच्या पदराला मागून ओढ बसली. अभिमनचे दोन्ही हात तिच्यासमोर होते. तिने मागे वळून पाहिलं.

सांदीत कोणीतरी उकिडवं बसलं होतं. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, पोरं मार चुकवायला बसतात तसं. कोपरांच्या मधे तोंड असायला हवं होतं. तिथे जे होतं त्यावर कळण्याच्या भाकरीचे कण चिकटले होते. ते तिला भिववत नव्हतं. तेच भेदरलेलं होतं, आणि ते तिच्याकडे बघतच नव्हतं. तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं.

"वहिनी," ते म्हणालं, "सरक. त्यानी आधी उचलं."

मुसळ आधी कोणी उचललं हे तिला त्या क्षणी कळलं, आणि आपल्याला ते कधीपासून ठाऊक होतं हेही. तिने आयुष्यभर आड यायचं काम केलं होतं. एकदाच ती पात धुवायला गेली होती. ती सरकली नाही. मागून खाट करकरली. मग तिच्या कानामागे लोखंड बसलं, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि ती कोठीवर आपटून खाली गेली. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा आला. उजव्या कानाला काही ऐकू येईना. डाव्या कानाला स्वयंपाकघराचं दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग सासूचा आवाज. इतक्या महिन्यांत तो आवाज पहिल्यांदाच फुटला होता.

"उभा ऱ्हायना! अगं माय, मना अभिमन उभा ऱ्हायना!" यशोदाबाई बाहेरच्या उंबऱ्याशी धावत जाऊन गल्लीला ओरडून सांगत होती. "या व, देखा! कोनी ना धरता उभा ऱ्हायना!"

वच्छलाबाईने फरशीवरून डोळे वर केले. तो खरोखरच उभा होता, दोन्ही पायांवर, भक्कम, आणि काठी त्याला टेकायला लागत नव्हती.